गुंतवणुकीचा सल्ला देण्याआधी विचारा: कर कुठल्या देशात भरता?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना ईटीएफची, म्हणजे एखाद्या निर्देशांकातले शेअर धरणाऱ्या आणि शेअरसारख्याच बाजारात विकत घेता येणाऱ्या फंडांची, ओळख करून देणारा लेख आला होता. पोलंडमधल्या मराठी मंडळींच्या फोनवर तो दिवसभर फिरत होता आणि संध्याकाळी मला विचारणा सुरू झाली, "ताई, यातला पहिला फंड घेऊन टाकू का?" लेख तळमळीनं लिहिलेला आहे, भाषाही सोपी आहे. पण त्यात सुचवलेले फंड न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेले आहेत आणि पोलंडमध्ये राहणाऱ्या साध्या गुंतवणूकदाराला ते विकत घेताच येत नाहीत. कराचा परिच्छेदही अमेरिकेत राहणाऱ्यांनाच लागू पडतो. परदेश म्हणजे अमेरिका असं धरून दिलेला सल्ला इथल्या नोकरदार मुलामुलींना महागात पडू शकतो, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबलं आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

मी मूळची इचलकरंजीची. माहेरी यंत्रमाग होते. आता बरीच वर्षं वूच शहरात राहते. नकाशावर ते लॉड्झ या नावानं सापडेल. हेही एके काळचं कापडाचंच गाव. लाल विटांच्या जुन्या गिरण्यांमध्ये आता मॉल आणि कार्यालयं आहेत, त्यातल्याच एका कार्यालयात मी लेखापाल आहे. पगार झ्वोटीत, म्हणजे इथल्या चलनात, मिळतो, कर पोलंडला भरते, म्हातारपणची तरतूदही इथल्याच कायद्यात बसवावी लागते. फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत ओळखीची मुलं आपापली करविवरणं घेऊन घरी येतात. त्यामुळे कोणाचं कुठं अडतं हे मला दर वर्षी जवळून दिसतं.

आधी अमेरिकी फंडांबद्दल. जानेवारी 2018 पासून युरोपीय संघात असा नियम आहे की किरकोळ गुंतवणूकदाराला असा फंड विकायचा तर त्यासोबत ठरावीक नमुन्यातलं माहितीपत्रक द्यायलाच हवं. अमेरिकी कंपन्या आपल्या देशातल्या ईटीएफसाठी ते काढत नाहीत, म्हणून इथला ब्रोकर खरेदीची ऑर्डर परत पाठवतो. याच कंपन्या युरोपासाठी तेच निर्देशांक धरणारे वेगळे फंड चालवतात आणि त्यांच्या नावात 'युसिट्स' असं लिहिलेलं असतं. बहुतेक आयर्लंडमध्ये नोंदलेले, काही लक्झेंबर्गमध्ये. खरेदी-विक्री फ्रँकफर्ट, अ‍ॅमस्टरडॅम, मिलान, लंडन इथल्या बाजारांत होते.

ऑर्डर परत आली की काही जण दुसरी वाट शोधतात. काही अ‍ॅपमध्ये त्याच अमेरिकी फंडाच्या नावाचा सीएफडी मिळतो आणि पडद्यावर तो जवळजवळ फंडासारखाच दिसतो. पण त्यात तुमच्या नावावर काहीच जमा होत नाही. किमतीतल्या फरकावर ब्रोकरशी केलेला तो करार आहे, त्यावर उसना पैसा असतो आणि करार रात्रभर उघडा ठेवला की त्याचं व्याज लागतं. आपले किती टक्के किरकोळ ग्राहक यात तोट्यात जातात हे युरोपातल्या ब्रोकरांना जाहिरातीतच छापावं लागतं, आणि तो आकडा बहुधा 70 ते 80 च्या घरात असतो. म्हातारपणासाठी 20 वर्षं ठेवायची रक्कम तिथं टाकू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

युसिट्स फंडांमध्येही तो कुठल्या देशात नोंदलेला आहे हे पाहावं लागतं. प्रत्येक फंडाला 12 अक्षरं-आकड्यांचा आयसिन क्रमांक असतो. तो आयई या अक्षरांनी सुरू झाला तर फंड आयर्लंडचा, एलयूनं सुरू झाला तर लक्झेंबर्गचा. फरक असा की अमेरिकी कंपनी लाभांश वाटते तेव्हा अमेरिका त्यातून आधीच कर कापून घेते. अमेरिकेशी असलेल्या करकरारामुळे आयर्लंडच्या फंडाचे 15 टक्के कापले जातात, लक्झेंबर्गच्या फंडाचे सहसा 30. ही कपात फंडाच्या आतच होते, तुमच्या कुठल्याही कागदावर दिसत नाही आणि पोलंडमध्ये तिची वजावटही मिळत नाही. जगभरच्या शेअरांच्या फंडात निम्म्याहून अधिक भाग अमेरिकेचा असतो, म्हणजे हा फरक दर वर्षी झिरपत राहतो. सूत कितीचं आहे हे न विचारता कापड घेणारा व्यापारी आमच्या इचलकरंजीत टिकला नसता. फंडाची नोंद कुठली हे न पाहता तो घेऊ नये.

आयरिश फंडाची आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या माणसाच्या नावावर अमेरिकी शेअर किंवा अमेरिकेत नोंदलेले फंड मिळून 60,000 डॉलरच्या वर असतील आणि तो वारला, तर अमेरिका त्यावर वारसा कर मागते, आणि त्याचा दर 40 टक्क्यांपर्यंत जातो. काही देशांनी याबाबत अमेरिकेशी करार केले आहेत. पोलंडचा तसा करार नाही, भारताचाही नाही. तेच अमेरिकी शेअर आयरिश फंडाच्या पोटात असले तर हा प्रश्न येत नाही. तिशीतल्या मुलाला मरणाचा विषय नको वाटतो, पण त्याच्या बायकोला परक्या देशाच्या कर खात्याशी पत्रव्यवहार करायला लागू नये असं मला वाटतं.

आता पोलंडच्या कराकडे येते. इथं गुंतवणुकीच्या नफ्यावर, व्याजावर आणि लाभांशावर 19 टक्के कर आहे. लोक त्याला 'बेल्का कर' म्हणतात, कारण तो 2002 मध्ये आला तेव्हा मारेक बेल्का अर्थमंत्री होते. पुढे ते पंतप्रधानही झाले आणि मध्यवर्ती बँकेचे अध्यक्षही. बाजारातल्या नफ्याचं विवरण पिट-38 नावाच्या फॉर्मवर 30 एप्रिलपर्यंत द्यायचं. तुमचा ब्रोकर पोलिश असेल तर तो फेब्रुवारीअखेर पिट-8सी नावाचा कागद पाठवतो, त्यात विक्री आणि खर्चाची बेरीज तयार असते आणि अर्ध्या तासात काम होतं. ब्रोकर परदेशी असेल तर बहुधा असा कागद येत नाही. मग प्रत्येक खरेदी आणि प्रत्येक विक्री त्या दिवसाच्या आदल्या कामकाजी दिवशी पोलंडच्या मध्यवर्ती बँकेनं जाहीर केलेल्या सरासरी दरानं झ्वोटीत बदलायची, आधी घेतलेलं आधी विकलं असं धरायचं आणि स्वतः बेरीज करायची. दर आठवड्याला थोडेथोडे युनिट घेणाऱ्या मुलाचा हिशेब मी पाहिला आहे. कमिशन वाचवायला परदेशी ब्रोकर निवडला होता, आणि एप्रिलमध्ये रात्री जागून तक्ते भरत होता.

म्हणूनच लाभांश वाटणारा फंड घ्यायचा की आतल्या आत पुन्हा गुंतवणारा, हा प्रश्न पोलंडमध्ये फार मोठा आहे. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडाच्या ग्रोथ पर्यायासारखाच हा दुसरा प्रकार, नावापुढे 'अक्युम्युलेटिंग' असं लिहिलेलं असतं. समजा फंडात 1,00,000 झ्वोटी आहेत आणि वर्षाला दीड टक्का लाभांश मिळतो. वाटणाऱ्या फंडातून 1,500 झ्वोटी हातात येतील, त्यावर 285 झ्वोटी कर त्याच वर्षी. वाटप तिमाही असेल तर वर्षातून 4 वेळा दराचा हिशेब, तोही स्वतः विवरणात दाखवायचा. पुन्हा गुंतवणाऱ्या फंडात पोलंड विक्रीच्या दिवसापर्यंत काहीच मागत नाही, आणि ते 285 झ्वोटी पुढची वर्षं तुमच्यासाठी राबत राहतात. जर्मनीत मात्र असं नाही. तिथं पुन्हा गुंतवणाऱ्या फंडावरही दर वर्षी एक आगाऊ कर धरला जातो. त्यामुळे म्युनिकच्या मावसभावानं सांगितलेलं वूचला चालत नाही.

यापेक्षाही मोठी गोष्ट आहे ती खात्याची, आणि आपल्या लेखात ती येणं शक्यच नव्हतं. पोलंडमध्ये 'इके' नावाचं वैयक्तिक निवृत्ती खातं 2004 पासून आहे. वयाच्या 60 वर्षांनंतर पैसे काढले आणि किमान 5 वेगवेगळ्या कॅलेंडर वर्षांत भरणा केलेला असला, तर नफ्यावर तो 19 टक्के कर अजिबात लागत नाही. आत फंड विकून दुसरा घेतला तरी कर नाही, लाभांशाचं विवरण नाही, पिट-38 नाही. दर वर्षी भरायची मर्यादा सरकार ठरवतं. 2025 साठी ती 26,019 झ्वोटी होती. ज्या वर्षाची मर्यादा वापरली नाही ती वाया जाते, पुढच्या वर्षी मिळत नाही. ताई, 60 वर्षांपर्यंत पैसे अडकतील ना, असं मुलं विचारतात. अडकत नाहीत. मध्येच काढले तर नफ्यावर तोच 19 टक्के कर भरायचा, म्हणजे साध्या खात्यात जे झालं असतं तेच. उलट मधली वर्षं कर पुढे ढकलला गेला तो फायदा पदरात राहतो. इतकी सरळ सवलत असताना महिन्याला हजार-दीड हजार झ्वोटी साध्या खात्यात टाकणारी मराठी मुलं पाहिली की मला राहवत नाही.

दुसरं खातं 'इक्झे', 2012 पासूनचं. त्यात भरलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होते. 2025 ची मर्यादा नोकरदारांना 10,407.60 झ्वोटी होती. 65 नंतर काढताना सगळ्या रकमेवर सरसकट 10 टक्के. पण इथं मध्येच काढण्याची किंमत वेगळी आहे: पूर्ण रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवून 12 किंवा 32 टक्क्यांच्या टप्प्यानं कर लागतो. वर्षाचं करपात्र उत्पन्न 1,20,000 झ्वोटींच्या वर असेल, म्हणजे तुम्ही 32 टक्क्यांत असाल, तर इक्झे जरूर उघडा. 12 टक्क्यांत असाल आणि पाच-सात वर्षांत भारतात परतायचा विचार असेल, तर आधी इके भरा आणि इक्झे सध्या बाजूला ठेवा, असं माझं मत आहे.

एक सावधगिरी सांगते. इके हे फक्त करसवलतीचं कवच आहे, आत काय भरायचं ते खातं कोणाकडे उघडता त्यावर ठरतं. बँकेत उघडलं तर आत ठेव असते, विमा कंपनीकडे उघडलं तर पॉलिसी, फंड कंपनीकडे तिचेच फंड. ईटीएफ हवे असतील तर ब्रोकरेज हाउसमध्ये उघडावं लागतं, आणि तिथंही परदेशी बाजार खुले आहेत का हे सही करण्याआधी विचारावं. एका माणसाला एकच इके ठेवता येतं, पण ते एकीकडून दुसरीकडे हलवता येतं. शाखेत बसलेला माणूस यातलं स्वतःहून काही सांगत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पोलिश बाई निवृत्तीच्या जवळ आल्या आहेत. एका बँकेच्या शाखेत त्यांना ठेव म्हणून जे दिलं गेलं, ती प्रत्यक्षात गुंतवणुकीला जोडलेली विमा पॉलिसी होती. बाहेर पडताना जमा रकमेतला मोठा हिस्सा कापला गेला. असं इथं हजारोंच्या बाबतीत घडलं आणि शेवटी ग्राहक संरक्षण खात्याला विमा कंपन्यांकडून ती कपात कमी करून घ्यावी लागली. 2012 मध्ये अँबर गोल्ड बुडाली, सोन्याच्या नावाखाली जवळजवळ 19,000 लोकांचे 85 कोटी झ्वोटी गेले. 2018 मध्ये वसुलीचा धंदा करणारी गेटबॅक कोसळली आणि तिचे रोखे घेतलेले 9,000 च्या वर सामान्य लोक अडकले. मधल्या काळात, 2014 मध्ये, सरकारनं खासगी पेन्शन फंडांतली निम्म्याहून अधिक मालमत्ता सरकारी पेन्शन संस्थेकडे वळती केली. त्यामुळे इथला साधा माणूस गुंतवणूक म्हटलं की मागे सरतो आणि घर विकत घेतो. मी त्याला दोष देत नाही. पण आपली मुलं हा इतिहास माहीत नसताना त्याच शाखांमध्ये, त्याच टेबलांसमोर, भाषा अर्धवट येत असताना बसतात.

पोलंडच्या जुन्या सक्रिय फंडांचा, म्हणजे ज्यांत व्यवस्थापक स्वतः शेअर निवडतो त्यांचा, खर्चही या भीतीत भर घालणारा होता. शेअर फंड वर्षाला साडेतीन-चार टक्के व्यवस्थापन शुल्क घेत. सरकारनं कमाल मर्यादा घातली: 2019 मध्ये 3.5 टक्के, 2020 मध्ये 3, 2021 मध्ये 2.5 आणि 2022 पासून 2 टक्के. दोन टक्केही थोडे नाहीत. बाजारानं वर्षाला 6 टक्के दिले असं धरा: 2 टक्के शुल्काच्या फंडात 1,00,000 झ्वोटींचे 20 वर्षांनी सुमारे 2,19,000 होतात, 0.2 टक्के खर्चाच्या ईटीएफमध्ये सुमारे 3,09,000. नव्वद हजारांचा हा फरक शुल्कात जातो. आणि इतका फरक पडत असताना फंडाचा खर्च 0.17 टक्के बरा की 0.20 यावर रात्ररात्र वाद घालणाऱ्या मुलांना मी सांगते की त्या वेळात इके उघडून या.

कुठला निर्देशांक घ्यावा, यात पोलंडची एक खास गंमत आहे आणि तिच्यात बरेच जण फसतात. जगाचे निर्देशांक काढणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत, एमएससीआय आणि फुट्सी. फुट्सीनं सप्टेंबर 2018 मध्ये पोलंडला विकसित देशांत बसवलं. एमएससीआयच्या लेखी पोलंड अजूनही उदयोन्मुख आहे. दक्षिण कोरियाचंही तसंच, एकीकडे विकसित, दुसरीकडे उदयोन्मुख. आता समजा कोणी विकसित देशांसाठी एमएससीआय वर्ल्डचा फंड घेतला आणि उदयोन्मुख देशांसाठी फुट्सीचा. त्याच्या जगात ना पोलंड उरतो ना कोरिया. सॅमसंगसारखी कंपनी गायब. उलट जोडी लावली तर दोन्ही देश दोनदा येतात. दोन फंड घ्यायचे असतील तर दोन्ही एकाच संस्थेच्या निर्देशांकाचे घ्या. त्याहून सोपं म्हणजे सगळं जग एकाच फंडात असलेला घ्या, जसे फुट्सी ऑल-वर्ल्ड किंवा एमएससीआय ऑल कंट्री धरणारे आयरिश फंड. एमएससीआय वर्ल्ड या नावात जग असलं तरी त्यात फक्त 23 विकसित देश आहेत. भारत त्यात नाही, चीन नाही, पोलंडही नाही.

भारताचा मुद्दा आपल्या माणसांच्या मनाला लागतो. "आपला देश वाढतोय, मग सगळं भारताच्या फंडात का टाकू नये?" हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि त्यामागचं प्रेम मला कळतं. पण आकडे पाहा. सगळ्या जगाच्या फंडात भारत दोन टक्क्यांच्या आसपास आधीच असतो. युरोपात मिळणाऱ्या भारताच्या ईटीएफचा खर्च जास्त आहे. आयशेअर्सच्या एमएससीआय इंडिया फंडाचा वार्षिक खर्च 0.65 टक्के आहे. शिवाय परदेशी फंड म्हणून भारत सरकार त्याच्याकडून भांडवली नफ्यावर कर घेतं, 2024 च्या जुलैपासून दीर्घ मुदतीसाठी 12.5 आणि अल्प मुदतीसाठी 20 टक्के. हा कर फंडाच्या आतच भरला जातो, म्हणून असे फंड निर्देशांकाच्या मागे बरेच पडतात. त्यावर पुन्हा विकताना पोलंडचे 19 टक्के आहेतच. ज्यांचं घर भारतात आहे, आईवडिलांची जमीन, सोनं भारतात आहे, त्यांचा भारतावरचा भार तसाही मोठा असतो.

पोलंडवर असाच लोभ असणाऱ्यांना वॉर्साच्या बाजारातले 'बेटा' नावाचे पोलिश ईटीएफ उपलब्ध आहेत. या बाजाराचं पहिलं सत्र 16 एप्रिल 1991 ला झालं, अवघ्या 5 कंपन्यांचं, आणि तेही आधी कम्युनिस्ट पक्षाच्या मुख्यालयाची असलेल्या इमारतीत. तिथल्या 20 मोठ्या कंपन्यांचा विग20 निर्देशांक ऑक्टोबर 2007 मध्ये 3,900 च्या वर गेला होता आणि 2025 संपेपर्यंत तिथं परत पोहोचला नव्हता. हा आकडा दाखवून लोक पोलंडचा बाजार मेलेला आहे असं म्हणतात. पण विग20 मध्ये लाभांश धरलेला नसतो. लाभांश धरणारा विस्तृत विग निर्देशांक 2025 च्या मे महिन्यात 1,00,000 च्या पुढे गेला. म्हणून इथला फंड घेताना नावात टीआर ही लाभांश धरल्याची खूण सांगणारी अक्षरं आहेत का ते पाहा. तरीही वीस कंपन्या, त्यात बँका आणि ऊर्जा कंपन्यांचं वजन, कित्येकांत सरकारचा मोठा हिस्सा. नोकरी, पगार आणि घर पोलंडमध्ये असताना सगळी बचतही तिथंच ठेवायला मी तरी कोणाला सांगणार नाही.

चलनाबद्दल गैरसमज फार आहेत. युरोमध्ये व्यवहार होणारा फंड घेतला म्हणजे डॉलरची जोखीम गेली, असं समजतात. तसं होत नाही. आत अमेरिकी कंपन्या आहेत, तर त्यांची किंमत डॉलरवर हलणार, पाटी कुठल्याही चलनाची असो. एक खरं उदाहरण देते. 30 सप्टेंबर 2022 ला अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक 3,585 होता आणि डॉलर 4.95 झ्वोटींना होता. 30 जून 2025 ला निर्देशांक 6,200 च्या वर आणि डॉलर साधारण 3.62. लाभांश सोडला तर डॉलरमध्ये वाढ 73 टक्के, झ्वोटीत मोजली तर जेमतेम 26. अमेरिकेतला मित्र एवढा खूश आणि आपलं खातं असं का, हे मुलांना समजत नव्हतं. उलटही होऊ शकतं: फंड 100 डॉलरला घेतला तेव्हा डॉलर 4 झ्वोटींना, 100 डॉलरलाच विकला तेव्हा साडेचारला, तर डॉलरमध्ये शून्य नफा असूनही पोलंडच्या हिशेबात 50 झ्वोटी नफा आणि त्यावर साडेनऊ झ्वोटी कर. ज्याचा किराणा, भाडं, मुलांची शाळा झ्वोटीत आहे, त्यानं हा झोका मोजूनच रक्कम ठरवावी. तीन-चार वर्षांत लागणारे पैसे ईटीएफमध्ये नकोतच. त्यासाठी पोलंड सरकारचे महागाईशी जोडलेले बचत रोखे आहेत, 100 झ्वोटींपासून मिळतात, चार वर्षांचे आणि दहा वर्षांचे. फेब्रुवारी 2023 मध्ये इथली महागाई 18.4 टक्क्यांवर गेली होती, तेव्हा त्यांची किंमत लोकांना कळली.

परत जाणाऱ्यांसाठी थोडं. भारतात सामान्य निवासी झालात की पोलंडमधलं खातं, इके धरून, भारताच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दर वर्षी दाखवावंच लागतं. पोलंडनं दिलेली करमाफी भारताचा आयकर विभाग मानेल असं गृहीत धरू नये. परतीचं तिकीट काढण्याआधी, दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या माणसाला पैसे देऊन एक तास बसावं.

संपादक महोदय, आपल्या दैनिकावर लोकांचा विश्वास आहे. इचलकरंजीतले वडील कात्रण काढून ठेवतात आणि फोनवर मुलाला वाचून दाखवतात. म्हणूनच विनंती करते की अशा प्रत्येक लेखाच्या वर हा सल्ला कुठल्या देशात कर भरणाऱ्यासाठी आहे ते ठळक छापावं. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ईटीएफ न विकताही दर 8 वर्षांनी कर भरावा लागतो, जर्मनीचं वर सांगितलंच. अमेरिकेसाठी लिहिलेला एकच लेख या सगळ्यांना पुरत नाही. त्या त्या देशात करविवरणं भरणाऱ्या मराठी लेखापालांकडून एकेक लेख लिहून घेता आला तर फार उपयोग होईल. पोलंडपुरतं लिहायला मी आनंदानं तयार आहे. फक्त 30 एप्रिल उलटल्यावर कळवावं, तोवर घरात पिट-38 चे कागद पसरलेले असतात.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक
वूच, पोलंड (मूळ गाव इचलकरंजी)